पार्सलमावशीचं दीड किलो

बॅग भरायला घेतली की माणसाची अक्कल बाहेरच राहते, असं पार्सलमावशीचं ठाम मत होतं आणि ते ती कुणाच्याही घरात, कुणाच्याही तोंडावर सांगायची. चार मजल्यांची इमारत, सोळा बिऱ्हाडं, आणि त्यातल्या निम्म्यांची तरी मुलं विमानात बसून कुठे ना कुठे गेलेली. त्यातल्या एकूण एक मुलाची बॅग मावशीच्या हाताखालून गेली होती. बॅग विकत घ्यायच्या आधी तिला विचारायचं, भरताना तिला बोलवायचं आणि ती जे बोलेल ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचं, असा शिरस्ताच पडून गेला होता.

मावशी तीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. तिथेच तिला हे नाव चिकटलं. गठ्ठा हातात घेतला की वजन सांगायची; काट्यावर ठेवायचा तो केवळ नियम आहे म्हणून. पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे, त्याहून जास्त चूक तिची कुणी पाहिली नव्हती. निवृत्त झाली तेव्हा ऑफिसातल्यांनी विचारलं, मावशी, निरोपाला काय देऊ? दुसऱ्या कुणी भिंतीवरचं घड्याळ मागितलं असतं. हिनं हुकाचा, स्प्रिंगचा हातकाटा मागितला. सगळे हसले. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

तिचे नियम साधे होते, पण पाळताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. बॅग कापडी घ्यायची, दोन चाकांची घ्यायची आणि दुकानात उभं राहून आधी रिकामी उचलायची. "लोक चाकं फिरवून बघतात, रंग बघतात, दांडा वरखाली करतात," ती म्हणायची. "रिकामी बॅग किती किलोची, हे एक माणूस विचारेल तर शपथ. अरे, तेवीस किलो विमान कंपनी तुला देते, त्यातले सहा तू दुकानदाराला देऊन येतोस." तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब एकदा अशीच टणक, चकचकीत पेटी घेऊन आले. आतलं सामान अगदी सुरक्षित राहतं म्हणाले. मावशी म्हणाली, "राहणारच. आत सामान मावलंच नाही तर त्याला काय धाड भरणार आहे?" साहेबांनी ऐकलं नाही. विमानतळावर जादा वजनाचे एवढे पैसे मोजले की त्यात तशा दोन पेट्या आल्या असत्या. तेव्हापासून जिन्यात मावशी भेटली की साहेब आधी नमस्कार करतात.

हातातल्या लहान बॅगेचं माप ती चाकांसकट, मुठीसकट घ्यायची, कारण विमानतळावरची ती लोखंडी चौकट चाकं सोडून मोजत नाही. जड बूट पायात, जाड कोट अंगावर, चार्जर आणि पुस्तकं कोटाच्या खिशात. "माणसाचं वजन अजून करत नाहीत," ती म्हणायची, "करायला लागतील तेव्हा बघू." आणि मोठी बॅग साडेबावीसच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण इथला काटा आणि तिथला काटा सख्खे भाऊ नसतात.

या सगळ्याचे ती पैसे घ्यायची नाही. चहासुद्धा काम झाल्यावरच. तिची फी एकच होती, आणि ती भरायला बसायच्या आधीच सांगून टाकायची: "बॅगेत दीड किलो माझे."

म्हणजे असं, की तिचा मुलगा ज्या शहरात होता तिथे किंवा त्या बाजूला कुणी निघालं, तर तिच्या हातचं दीड किलोचं पार्सल त्या बॅगेत जायचं. पांढऱ्या मांजरपाटात दुहेरी टाक्यानं शिवलेलं, वर मुलाचं नाव आणि फोन नंबर ठळक अक्षरांत. नऊ वर्षांत अशी अकरा पार्सलं गेली होती. या दीड किलोपायी तिनं एकदोघांशी भांडणही केलं होतं. औषधाच्या दुकानवाल्याची सून म्हणाली होती, मावशी, या वेळी जरा जागा नाही हो. मावशीनं हातकाटा पिशवीत घातला आणि दाराकडे चालू लागली. सुनेनं निमूटपणे दोन जोडी चपला बाहेर काढल्या.

हे दीड किलो कुठून आलं ते इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण मावशी ते बोलायची नाही. मुलगा बारा वर्षांचा असताना नवरा गेला. खिडकीवर बसून तिनं पोराला शिकवलं, आणि तो निघाला तेव्हा बॅग तिनंच भरली होती. लोकांची पार्सलं आयुष्यभर तोलणारी बाई, पण पोराची बॅग भरताना वजन करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. दिसेल ते भरत गेली. विमानतळावर काट्यानं चार किलो जास्त दाखवले. काउंटरवरच्या मुलीनं जादा पैसे सांगितले, तेवढे दोघांकडे मिळून नव्हते. मग तिथेच, रांगेतल्या लोकांच्या पायांत, फरशीवर बॅग उघडली. मुलगा घामाघूम झाला होता. "आई, काढ. काहीही काढ, पण लवकर." त्याची पुस्तकं काढता येत नव्हती, कोट काढता येत नव्हता. जे जे तिनं घातलं होतं तेच निघालं: तिनं शिवलेली गोधडी, तिनं विणलेले दोन स्वेटर, वडिलांचा फ्रेममधला फोटो. तो आत गेला, वळून हात केला, आणि ही दोन्ही हातांत ते सगळं कवटाळून काचेबाहेर उभी. घरी येऊन तिनं त्या सामानाचं वजन केलं. बरोब्बर चार किलो. तेव्हापासून ती ते चार किलो पोचवत होती, दीड दीड किलोनं. चाराचे किती झाले, याचा हिशोब आईनं करायचा नसतो आणि तिनंही केला नव्हता.

तर वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंची धाकटी मुलगी निघाली होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, अतिशय भिडस्त. दूधवाल्यानं पाणी घातलं तरी आपणच ओशाळं व्हायचं, असा स्वभाव. थोरली मुलगी आधीच तिकडे होती, मावशीच्या मुलाच्या शहरापासून तासाभरावर. धाकटीला नोकरी मात्र थेट त्याच शहरात मिळाली होती. मावशीनं मोठ्या तोऱ्यात मुलाचा नंबर तिला दिला होता. पहिले पंधरा दिवस राहायची खोली त्यानं बघून दिली होती, आणि त्यावरून मावशी महिनाभर जिन्यातून जरा ताठच चालत होती.

उद्या दुपारचं विमान. मावशी आज दुपारची जेवणं आटोपल्यावर वर गेली, एका हातात काटा, दुसऱ्या हातात पार्सल. हे बारावं. नात चार वर्षांची झाली होती. तिला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं तेवढंच. तिच्यासाठी पिवळ्या लोकरीचा फ्रॉक विणला होता, त्याला दोन खिसे. उरलेल्या वजनात सुनेला शाल आणि मुलाला मोजे. काट्यावर एक किलो चारशे ऐंशी भरलं होतं. वीस ग्रॅम तिनं मनाचा मोठेपणा म्हणून सोडून दिले होते.

पलंगावर नवी बॅग उघडी होती. जांभळी, टणक, चार चाकांची, आरशासारखी चमकणारी. मावशी दारातच थांबली.

"ही कुणी आणली?"

धाकटी हसली. "मी आणली मावशी. सेल होता. छान आहे ना?"

"छान आहे. चेहरा बघायला उपयोगी पडेल." मावशीनं ती मिटली, हुक अडकवला, उचलली. "पाच किलो शंभर. रिकामी. पोरी, तू नोकरीला चाललीस की बॅग पोचवायला?"

"मावशी, आता आणली ना. चालेल की."

"चालेल. काय काय ठेवून जातेस ते सांग, म्हणजे चालेल." मावशी पलंगावरच्या ढिगाकडे बघत म्हणाली. ढीग पावणेअठरा किलोंचा होता. तिला तो बघूनच कळला. वर तिचे दीड. "आणि बाई, तुमची ती जुनी राखाडी कापडी बॅग कुठाय? थोरलीच्या बाळंतपणाला घेऊन गेला होतात ती? तीन किलो दोनशे होती. तीच घ्या. दोन किलो फुकटात सुटतील."

मास्तरीणबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचा हात थांबला. "ती कशाला," त्या म्हणाल्या. "जुनी झाली. चाकाचं काहीतरी झालंय तिच्या."

"चाक मी बघते."

"चेनपण अडकते हो. राहू द्या. आपण यातूनच काहीतरी काढू. स्वेटर काढू एखादा."

"थंडीच्या देशात स्वेटर काढायचा आणि बॅगेची चमक न्यायची? शिकवत काय होतात हो तुम्ही शाळेत?"

धाकटीला कसला पत्ता नव्हता. ती खाली वाकली आणि पलंगाखालून राखाडी बॅग ओढून बाहेर काढलीसुद्धा. "ही बघा. चाकं तर फिरतायत की गं आई."

मावशीनं बॅगेच्या मुठीला हात घातला, उचलली, आणि तशीच धरून ठेवली.

"ही रिकामी नाही," ती म्हणाली.

"रिकामीच आहे," बाई म्हणाल्या. जरा घाईनंच म्हणाल्या.

"बाई, ही बॅग मी स्वतः तोललीय. झाकणाच्या आत खडूनं लिहून ठेवलंय. तीन दोनशे. ही पावणेपाचला टेकतेय." मावशीच्या आवाजात अजून मजाच होती. पोस्टात अशी कितीतरी माणसं पकडली होती तिनं, कपडे म्हणून लिहायचं आणि आत काचेची भांडी. "काय दडवून ठेवलंय? दागिने आहेत का?"

 मावशीनं चेन ओढली. ती मुळीच अडकली नाही. झाकणाच्या आत खडूचा आकडा होता, तिच्याच अक्षरात. आणि तळाशी, एका जुन्या टॉवेलखाली, पांढऱ्या मांजरपाटातलं पार्सल होतं. दुहेरी टाका. वर तिच्या मुलाचं नाव.

आधी तिला वाटलं आपण आजचं पार्सल चुकून यात ठेवलं. माणसाचं डोकं अशा वेळी काय काय मदत करायला बघतं! तिनं वळून पाहिलं तर आजचं पार्सल खुर्चीवर जिथल्या तिथे होतं.

ती पलंगाच्या काठावर बसली. पार्सल मांडीवर घेतलं. शिवण उसवलेली नव्हती, एक टाकासुद्धा नाही. आत काय आहे ते तिला पाठ होतं. राखाडी स्वेटर, गळ्याला निळी पट्टी. त्याच्या वडिलांचा तो फोटो, फ्रेम काढून, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून. तीन वर्षांपूर्वी हे पार्सल गेलं, आणि दहा दिवसांनी मुलाचा फोन आला होता. स्वेटर मस्त बसला गं आई. ऑफिसात सगळे विचारतात कुठून घेतला. आणि बाबांचा फोटो हॉलमध्ये लावलाय. हे तिनं सोळाच्या सोळा बिऱ्हाडांत सांगितलं होतं. मास्तरीणबाईंनाही सांगितलं होतं, आणि बाईंनी ते मान हलवत ऐकून घेतलं होतं.

"तुम्ही नेलंच नाहीत," मावशी म्हणाली. "दीड किलो जड झालं का तुम्हाला? तेवढ्यासाठी खोटं बोललात? मी तुमच्या बॅगा भरून द्यायच्या, तुमचे पैसे वाचवायचे, आणि तुम्ही माझं पार्सल पलंगाखाली..."

"नेलं होतं हो मावशी," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "देवाशप्पथ नेलं होतं. नेलं आणि परत आणलं."

मावशीला कळेना.

"तीन महिने होते मी तिथे. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन केला त्यांना. म्हणाले, रविवारी येतो. मग म्हणाले, पुढच्या रविवारी. मी म्हटलं, थोरलीचे यजमान आणून देतील घरी. तर म्हणाले, नको नको, उगाच त्रास कशाला, मीच येईन. मी चार वेळा फोन केला मावशी. पाचव्यांदा करायची मलाच लाज वाटायला लागली. निघायच्या आदल्या दिवशी केला, तर म्हणाले..." बाई थांबल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, काकू, इथे सगळं मिळतं हो. आईला समजत नाही. घरात ठेवायला जागा नसते. तुम्ही असं करा, परत घेऊन जा, नाहीतर तिथेच कुणाला देऊन टाका. आईला मी सांगतो मिळालं म्हणून. तुम्ही काही बोलू नका, उगाच तिला वाईट वाटेल."

धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिला हे सगळं नवीन होतं. ती एकदा आईकडे, एकदा मावशीकडे बघत होती.

"मला टाकून देववेना," बाई म्हणाल्या. "तुमचे ते टाके बघितले. आणि तुम्हाला परत तरी कोणत्या तोंडानं देऊ? म्हणून ठेवून दिलं. रोज वाटायचं सांगावं. मग तुम्ही स्वेटरचं सांगायला आलात, एवढ्या आनंदात होतात... मी मूग गिळून बसले. चुकलंच माझं."

 राग कुणावर काढावा हेच कळत नव्हतं. समोर ही गरीब बाई रडतेय. हिनं दीड किलो नेले आणि आणलेसुद्धा. दोन्ही वेळा वजन हिच्याच वाट्याचं गेलं. आणि बाकीची दहा? मावशीनं मनातल्या मनात एकेक दार आठवलं. औषधवाल्याची सून. ती परत आली तेव्हा जिन्यात नजर चुकवून गेली होती. मावशीला वाटलं होतं चपलांचा राग. बँकेतले साहेब तिकडून परत आले तेव्हा मुलाची चौकशी केली तर विषयच बदलला होता त्यांनी. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अख्खी इमारत मान हलवत होती. आणि ती खुळी जिन्यातून ताठ चालत होती.

"फोन लाव," ती धाकटीला म्हणाली. "नाही, थांब. माझ्यावरून लावते."

"मावशी, आत्ता नको," बाई म्हणाल्या. "रागात काहीतरी बोलून जाल."

"मी काय बोलायचं ते मी बघेन."

तिकडे सकाळ होती. तो गाडीत होता, ऑफिसला निघालेला. मागून रस्त्याचा आवाज येत होता. "बोल आई. सगळं बरं ना?"

"बरं आहे. एक विचारायचं होतं." मावशीनं मांडीवरच्या पार्सलावर हात ठेवला. "तो राखाडी स्वेटर आहे का रे अजून? मास्तरीणबाईंबरोबर पाठवलेला. निळ्या पट्टीचा."

"आहे की! रोज घालतो थंडीत. जरा जुना झालाय, पण टाकवत नाही."

एवढंसुद्धा अडखळला नाही. मावशीनं फोन कानाला घट्ट दाबला.  आता बोलायचं, तिनं ठरवलं. आता म्हणायचं, की तो माझ्या मांडीवर आहे. तोंड उघडलंही तिनं.

"धाकटी उद्या निघतेय," तिच्या तोंडून आलं. "तिच्याबरोबर पाठवू का काही?"

"पाठव ना. तू पाठवतेस त्याची आम्ही वाट बघत असतो." मग तो म्हणाला, "काय काय पाठवतेस?"

दर वेळी तो हे विचारायचा. अकराही वेळा विचारलं होतं, आणि अकराही वेळा मावशीनं हरखून एकेक वस्तू सांगितली होती, रंगासकट, मापासकट. तिला वाटायचं, पोराला किती उत्सुकता! पार्सलच्या खिडकीवर लोकांकडून आत काय आहे ते लिहून घेणारी ती, आणि तिला आत्ता उमगलं, की तो तिच्याकडून यादी लिहून घेत होता. न पाहिलेल्या वस्तूंचं कौतुक करायचं तर नावं नकोत का माहीत?

 सांगितलंच नाही तर? मग पंधरा दिवसांनी तो काय बोलेल, कसा चाचपडेल, ते तिला डोळ्यांसमोर दिसलं. चांगली अद्दल घडली असती त्याला.

"आई? ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "छोटीला फ्रॉक आहे. पिवळा. लोकरीचा." ती हळूहळू सांगत होती, तीस वर्षं खिडकीवर अडाणी माणसाला पत्ता समजावत आली तसं. "दोन खिसे आहेत त्याला. पुढं. आणि तिच्या आईला शाल, मरून रंगाची. तुला मोजे."

"पिवळा फ्रॉक. वा, छोटी खूश होईल. चल आई, सिग्नल सुटला, ठेवतो."

फोन बंद झाला. मावशी उठली. राखाडी बॅगेतला टॉवेल काढून तिनं घडी करून बाजूला ठेवला आणि ढिगातले कपडे एकेक करून भरायला लागली. जड कपडे चाकांच्या बाजूला, मोज्यांचे गोळे बुटांच्या पोटात. हात कुठेही चुकत नव्हते. थोड्या वेळानं धाकटी पुढे आली आणि कपडे हातात द्यायला लागली.

निम्मी बॅग भरली असेल, तेवढ्यात धाकटीचा फोन टेबलावर थरथरला. तिनं उचलला, वाचला, आणि तिचा चेहरा उतरला. फोन तिनं पालथा ठेवला.

"कुणाचा निरोप?" मावशीनं न बघता विचारलं.

"मैत्रिणीचा."

"पोरी, बंद पाकिटात काय आहे ते मला न उघडता कळतं. वाच."

"मावशी, नको ना."

"वाच म्हणते ना."

धाकटीनं आईकडे पाहिलं. बाईंनी तोंड फिरवलं. मग ती अगदी खालच्या आवाजात वाचायला लागली. "आई पार्सल देईल तुला. आणू नकोस, तिथेच घरी ठेव. तुझं वजन उगाच वाया जाईल. आईला सांगू नकोस. खोलीची किल्ली वॉचमनकडे ठेवलीय."

कितीतरी वेळ मावशीच्या हातात एक कुर्ता तसाच होता. मग तिनं त्याची घडी घातली, बॅगेत ठेवला, वरून तळव्यानं दाबला.

"वजनाची काळजी आहे हो त्याला," ती म्हणाली. "माझ्यावर गेलाय." आणि मग तिचा आवाज फुटला. "मी त्याला काय मागत होते बाई? पैसे मागत होते? घेऊन जा म्हणत होते? दीड किलो. खुंटीला टांगून ठेवलं असतंस तरी चाललं असतं रे मला."

मास्तरीणबाई जवळ आल्या, त्यांनी मावशीच्या पाठीवर हात ठेवला. मावशीनं तो राहू दिला. मग पदरानं नाक पुसलं.

"त्याला उत्तर लिही," ती धाकटीला म्हणाली.

"काय लिहू? मी चांगलं सुनावते त्याला मावशी. नको मला त्याची खोली."

"काही सुनावायचं नाही. परक्या गावात उतरणार आहेस, ती खोली लागेल तुला. लिही, बरं दादा, ठेवते म्हणून. आणि तुझे ते दुसरे जाड बूट राहिलेत ना बाहेर? ते आण इकडे. दीड किलो जागा आहे."

धाकटी हलेना. शेवटी बाईंनीच कपाटाखालून बूट काढून आणले. मावशीनं ते कपड्यांच्या बाजूला उभे बसवले, चेन लावली, काटा अडकवला आणि दोन्ही हातांनी बॅग उचलून धरली.

"साडेबावीस," ती म्हणाली. "एक पैसा भरायला लागणार नाही."

तिनं काटा पिशवीत टाकला, दोन्ही पार्सलं काखेत मारली. आज चहाचं कुणी विचारलं नाही, आणि तीही थांबली नाही. बाई दारापर्यंत मागोमाग आल्या. "मावशी," त्या म्हणाल्या, "एकदा स्पष्ट बोलून टाका ना त्याच्याशी. फोन हातात होता तुमच्या. का नाही बोललात?"

मावशी पहिल्या पायरीवर थांबली.

"पंधरा दिवसांनी त्याचा फोन येईल," ती म्हणाली. "फ्रॉक मिळाला, छोटीला आवडला, खिसे किती छान आहेत म्हणून सांगेल. एरवी वर्षभर कुठे करतो तो फोन? पार्सल मिळालं हे सांगायलाच तर करतो. तेवढंही बंद करू का मी?"

 मावशी कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली.